चेन लोडर ओढत नाही: पंप खोलण्याआधी आणि खोलल्यावर

एका स्लॅग यार्डातलं (पोलाद कारखान्याची मळी टाकतात तिथलं) जुनं चेन लोडर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारं लोडर. आयडलवर दोन्ही चेन नीट फिरायच्या, ॲक्सिलरेटर वाढवला की ओढ जायची आणि मागून पंप कण्हायचा. ऑपरेटर म्हणाला, "पंप गेला." मालकही म्हणाला, "पंप गेला." मग मीही तेच म्हणालो. दोन्ही पंप उतरवले, बाकावर खोलले. पोर्ट प्लेट (पंपात तेल आत-बाहेर वाटून देणाऱ्या चकत्या) आरशासारख्या, पिस्टन ठणठणीत. सील किट टाकून पुन्हा बसवले, तर मशीन जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशी टाकीकडून पंपाकडे जाणारा सक्शन होज काढून सुरीने उभा चिरला. बाहेरून नवाकोरा दिसणाऱ्या त्या पाइपात आतलं रबराचं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. आरपीएम वाढला, तेलाची ओढ वाढली, की ती जीभ वाट बंद करायची. गेज लावलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कान, मग गेज, पाना शेवटी. तो क्रम इथे मांडतो. कॅटरपिलरची ९४३, ९५३, ९६३, ९७३ ही १९८० च्या दशकातली मागे इंजिन असलेली लोडर किंवा त्या काळातली लिबहेरची यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. सॉइल कॉम्पॅक्टर किंवा ट्रान्झिट मिक्सरच्या ड्रमचं काम करणाऱ्यांनाही बरंचसं ओळखीचं वाटेल, कारण त्यांचंही सर्किट याच, हायड्रोस्टॅटिक जातीचं असतं.

पोकलेनची सवय इथे नडते

आपल्याकडचे बहुतेक हायड्रॉलिक मेकॅनिक पोकलेनवर हात बसवून आलेले असतात. पोकलेनमध्ये पंप टाकीतून तेल घेतो, कंट्रोल व्हॉल्व्हमधून सिलिंडर-मोटरला देतो आणि तेल पुन्हा टाकीत येतं. हे झालं ओपन सर्किट. चेन लोडरच्या हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हमध्ये पंपाचं तेल थेट मोटरकडे जातं आणि मोटरकडून थेट पंपाकडे परत येतं. टाकी या फेऱ्यात नसतेच. लिव्हर हलवला की पंपातली स्वॉशप्लेट, म्हणजे पिस्टन जिच्यावर टेकून फिरतात ती चकती, कलते. ती एका बाजूला कलली की पुढे, दुसऱ्या बाजूला कलली की मागे, सरळ उभी असली की न्यूट्रल. डाव्या चेनला एक पंप-मोटर, उजव्या चेनला दुसरी जोडी.

फेऱ्यातून थोडं तेल सतत झिरपतं, कारण पिस्टन आणि शूंना (स्वॉशप्लेटवर घसरणाऱ्या पिस्टनच्या पायांना) त्याच तेलाचं वंगण मिळतं. टाकीतून तेल ओढून ती भरपाई करतो चार्ज पंप. तो छोटासा असतो, पण मोठ्या पंपाच्या शेपटाला असल्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. फेऱ्याच्या कमी दाबाच्या बाजूला तो तेल भरत राहतो. जुन्या मशीनमध्ये हा चार्ज प्रेशर साधारण १५ ते ३० बार असतो आणि मुख्य फेऱ्याचा रिलीफ (जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) ३५० ते ४२० बारच्या घरात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. वर्कशॉपमध्ये आपण 'किलो' म्हणतो. किलो आणि बार यांत दोन टक्क्यांचाच फरक आहे, त्यावर वाद घालू नका.

स्वॉशप्लेट कलवणारा सर्व्हो चार्ज प्रेशरवर चालतो, पार्किंग ब्रेकही बहुतेक मशीनमध्ये त्याच दाबाने सुटतो. म्हणून चार्ज प्रेशर पडला की सगळंच एकदम आजारी दिसतं.

हात लावण्याआधी

बकेट जमिनीवर, आर्म वर ठेवूनच काम करायचं असेल तर त्याला लॉक लावलेला, चेनला ओट (सरकू नये म्हणून ठोकळा). गळती कधीही हाताने चाचपू नका. सुईएवढ्या छिद्रातून ३०० बारचं तेल कातडीखाली शिरलं तर सुरुवातीला मुंगी चावल्यासारखं वाटतं आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. तसं झालंच तर 'उद्या बघू' नाही, थेट सर्जन असलेलं हॉस्पिटल. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

दोन गेज लागतात: ६० बारचं चार्जसाठी आणि ६०० बारचं मुख्य फेऱ्यासाठी. ६० चं गेज चुकून मोठ्या पोर्टला लागलं तर काच तोंडावर येते, म्हणून मी त्याच्या होजला लाल टेप गुंडाळून ठेवला आहे. शिवाय व्हॅक्यूम गेज, लेझर थर्मामीटर, टॅकोमीटर, मापाची बादली आणि भरपूर प्लॅस्टिकच्या टोप्या. उघड्या होजच्या तोंडात चिंधी कोंबणाऱ्याला माझ्या वर्कशॉपमध्ये चहा मिळत नाही.

पहिला तास: पाना न लावता

ऑपरेटरला नेमकं विचारा. 'ओढत नाही' हे उत्तर नाही. थंड असताना ओढतं का? तापल्यावर मरतं का? दोन्ही चेन की एक? पुढेच की मागेही?

थंडपणी चांगलं आणि तासाभराने ढिलं, म्हणजे आतली झीज: तेल पातळ झालं की झिजलेल्या फटीतून पळतं. थंडपणीही तेवढंच ढिलं असेल तर झिजेपेक्षा लिंकेज, चार्ज, रिलीफ किंवा ब्रेकवर संशय घ्या. एकाच दिशेला ढिलं असेल तर अख्खा पंप क्वचितच दोषी असतो.

मग तेल. पातळी, वास, रंग. दुधाळ म्हणजे पाणी, फेस म्हणजे सक्शनकडून हवा, जळका वास म्हणजे कुणीतरी तापवून मारलं आहे. या जुन्या मशीनपैकी कित्येकांना हायड्रॉलिक ऑइल नाही तर ठरावीक ग्रेडचं इंजिन ऑइल लागतं. थंड देशासाठी सुचवलेला पातळ ग्रेड विदर्भातल्या मे महिन्यात चालत नाही. मॅन्युअलमधला बाहेरच्या तापमानाचा तक्ता बघा. काम करताना टाकीतलं तेल ८०-८५ अंशांच्या वर सतत राहत असेल, तर आधी कूलरची जाळी धुवा.

चार्ज फिल्टर उतरवून उघडा. हॅकसॉने नाही, त्याचाच चुरा आत पडतो आणि आपण तो 'पंपाचा चुरा' म्हणून मालकाला दाखवतो. फिल्टर कटर घ्या, कागद पसरून उन्हात धरा. सोनेरी चमक म्हणजे शू किंवा पोर्ट प्लेटचं ब्रॉन्झ. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, बहुधा बेअरिंगचे. काळे मऊ तुकडे होजचे किंवा सीलचे. थोडी पिठासारखी राखाडी धूळ वय झालेल्या मशीनमध्ये असतेच. सोनेरी पापुद्रे दिसले तर मशीन तिथेच बंद करा, पुढच्या चाचण्या विसरा.

शेवटी इंजिन आणि चेन. लोडवर आरपीएम किती पडतो ते टॅकोमीटरने बघा. तुंबलेल्या डिझेल फिल्टरमुळे 'ट्रान्समिशन गेलं' म्हणून आलेली मशीनं मी पाहिली आहेत. काही लोडरमध्ये इंजिन दबलं की स्वॉशप्लेट आपोआप मागे घेणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन अशक्त असेल तर तो व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतो आणि शिव्या पंपाला बसतात. चेन फार ताणलेली असली किंवा रोलरमध्ये स्लॅग-चिखल घट्ट बसला असला, तरीही तेच.

चार्ज प्रेशर: इथे वेळ घालवा

तेल ५० अंशांच्या वर गरम करा. ६० बारचं गेज चार्ज पोर्टला लावा. चार नोंदी घ्या: न्यूट्रलमध्ये आयडलवर, न्यूट्रलमध्ये पूर्ण आरपीएमवर, मशीन पुढे चालताना, मागे चालताना.

न्यूट्रलमध्ये हा दाब पंपाकडचा चार्ज रिलीफ ठरवतो. मशीन चालू लागलं की मोटरवरचा शटल व्हॉल्व्ह सरकतो आणि कमी दाबाच्या बाजूचं थोडं गरम तेल धुऊन बाहेर काढतो. तेव्हा दाब मोटरकडचा रिलीफ ठरवतो, आणि तो थोडा कमी सेट केलेला असतो. म्हणून चालताना काटा एक-दोन बार खाली येणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. बरेच जण त्यालाच दोष समजून रिलीफमध्ये शिम (दाब वाढवणारी पातळ चकती) टाकत बसतात.

न्यूट्रलमध्येच दाब कमी असेल तर सक्शन, फिल्टर, चार्ज रिलीफ आणि शेवटी चार्ज पंप, याच क्रमाने. रिलीफ कार्ट्रिज काढून बघा. सीटखाली अडकलेला बारीक कण महिनाभर छळतो. न्यूट्रलमध्ये ठीक आणि लोड येताच दाब धाडकन कोसळला, तर पंप किंवा मोटर आतून एवढं गळतं आहे की चार्ज पंपाला भरपाई झेपत नाही. इथे पहिल्यांदा खोलण्याचा विचार मनात आणायला हरकत नाही.

आयडलवर ठीक आणि आरपीएम वाढवल्यावर कमी, हे उलटं चित्र दिसलं तर माझ्या त्या स्लॅग यार्डाची आठवण ठेवा. चार्ज पंपाच्या इनलेटला व्हॅक्यूम गेज लावा. गरम तेलावर पाऱ्याच्या २५० मिलिमीटरपेक्षा जास्त ओढ दिसली तर वाट अडली आहे: सक्शन गाळणी, पिचकलेला होज, सुटलेलं अस्तर किंवा टाकीचा बुजलेला ब्रीदर. व्हॅक्यूम जवळजवळ नाहीच पण तेलाला फेस आहे, तर कुठल्यातरी सांध्यातून हवा ओढली जाते. सांध्यांवर ग्रीस थापा, आवाज बदलला की जागा सापडली.

एकच चेन ढिली असेल तर

दोन स्वतंत्र फेरे असणं हे नशीबच. निरोगी बाजू हेच तुमचं मॅन्युअल.

आधी लिंकेज. लिव्हर पूर्ण ढकलल्यावर दोन्ही पंपांचे कंट्रोल आर्म सारखेच फिरतात का, ते कुणालातरी सीटवर बसवून, इंजिन बंद ठेवून बघा. झिजलेल्या पिना आणि बॉल जॉइंटमुळे एका बाजूचा स्ट्रोक अर्ध्यावर थांबतो. मशीन जॅकवर घेऊन दोन्ही स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकांचे) फेरे मिनिटभर मोजा. बिनलोड फरक असेल तर स्ट्रोकचं ॲडजस्टमेंट. बिनलोड सारखे, पण ढिगात घुसल्यावर एक चेन मागे पडते, तर दोष आतल्या गळतीचा किंवा रिलीफचा.

एकाच दिशेचा दोष असेल तर पुढच्या आणि मागच्या बाजूचे रिलीफ कार्ट्रिज आपसात बदला, त्यांवरचे सेटिंगचे आकडे सारखे असल्याची खात्री करून. दोष दिशा बदलून गेला, तर एका कार्ट्रिजच्या खर्चात काम झालं. काही मशीनमध्ये हे रिलीफ मोटरवरच्या ब्लॉकमध्ये असतात आणि पंपात नुसते चेक व्हॉल्व्ह. तिथे दोन्ही जागा तपासाव्या लागतात.

दोन्ही दिशांना एकच चेन ढिली असेल तर डाव्या पंपाचे होज उजव्या मोटरला आणि उजव्याचे डाव्याला जोडून बघता येतं. ढिलेपणा दुसऱ्या चेनवर गेला तर पंप दोषी, तिथेच राहिला तर मोटर, ब्रेक किंवा फायनल ड्राइव्ह (मोटर आणि स्प्रॉकेटमधला गिअर). दोन अटी आहेत. फिल्टरमध्ये धातू दिसला असेल तर हे मुळीच करू नका, निरोगी फेऱ्यातही घाण जाईल. आणि सीटवर बसणाऱ्याला दहा वेळा सांगा की डावा लिव्हर आता उजवी चेन हलवणार आहे.

मोटरला दोषी ठरवण्याआधी ब्रेक. बहुतेक पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि दाबाने सुटतो. ब्रेकच्या सीलमधून दाब गळत असेल तर प्लेटा अर्धवट घासत राहतात. अर्धा तास चालवून दोन्ही फायनल ड्राइव्हच्या ब्रेक हाउसिंगवर लेझर थर्मामीटर मारा. एक बाजू २०-३० अंशांनी जास्त निघाली, तर मोटर खोलून फायदा नाही.

मोठा दाब आणि केस ड्रेन

६०० बारचं गेज लावून चेन जखडा आणि लिव्हर हळूहळू द्या. रिलीफ किती बारला उघडतो ते बघा आणि पाच सेकंदांत सोडा. का, ते हिशेबाने बघा: १०० लिटर प्रति मिनिट तेल ४०० बारला रिलीफमधून जात असेल तर सुमारे ६७ किलोवॅट निव्वळ उष्णता होते. तेवढी उष्णता काही लिटर तेलात कोंडली की दहा सेकंदांत जे शिजायचं ते शिजतं.

दाब चढतच नसेल तर पंपाच्या दोन्ही तोंडांवर जाड पोलादी ब्लँक प्लेट, मूळ ग्रेडचे बोल्ट आणि नवी ओ-रिंग लावून पंप एकटा तपासा. एकट्याने रिलीफपर्यंत चढला तर पंप आणि त्याचा रिलीफ ठीक, मोटरकडे चला. पत्र्याच्या तुकड्यावर हा प्रयोग करणाऱ्यांच्या जवळ मी उभा राहत नाही.

केस ड्रेनचं तेल, म्हणजे पंप-मोटरच्या कवचात झिरपून टाकीकडे परत जाणारं तेल, बादलीत मोजणं सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात एक मेख आहे. मोटरच्या ड्रेनमध्ये शटल व्हॉल्व्हने धुऊन काढलेलं तेलही मिसळलेलं असतं, आणि पंपाच्या ड्रेनमध्ये चार्ज रिलीफचं. त्यामुळे 'एवढे लिटर आले म्हणजे मोटर गेली' असा एकटा आकडा फसवतो. डावी-उजवी बाजू एकाच तापमानाला, एकाच लोडवर, एकाच आरपीएमवर मोजा आणि फरक बघा. ड्रेनचा पाइप बंद करून मात्र काही तपासू नका. केसला दोन-तीन बारच सोसतात. शाफ्ट सील उडतं, कधी हाउसिंगच फुटतं.

न्यूट्रलमध्ये मशीन सरकत असेल तर लिंकेज सोडवून बघा. तरी सरकलं तर पंपाचे दोन सर्व्हो गेज पोर्ट होजने एकमेकांना जोडा, म्हणजे दोन्हीकडे सारखा दाब होईल. सरकणं थांबलं तर कंट्रोल व्हॉल्व्हचं न्यूट्रल चुकलं आहे, नाही थांबलं तर सर्व्हो पिस्टनचं मधलं ठिकाण.

आता खोला

बाहेरून वॉशरने धुवा, वाळवा, बंद खोलीत न्या. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर खोलू नका. हाउसिंग आणि एंड कॅपवर खूण करा. बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे ढिले करा. आत स्प्रिंगचा ताण असतो.

पोर्ट प्लेटवर नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. नुसती पुसट रेघ सपाट लॅपिंग प्लेटवर घासून निघते, पण वरचा कडक थर पातळ असतो. तो संपेपर्यंत घासलेली प्लेट महिनाभरात परत येते. बॅरलचं (पिस्टन ज्याच्या भोकांत बसतात त्या ठोकळ्याचं) तोंडही तसंच तपासा. पिस्टन ज्या भोकातून निघाले त्याच भोकात जायला हवेत, म्हणून ट्रेमध्ये आकडे घालून ठेवा. प्रत्येक शू धरून पिस्टनवर मागे-पुढे हलवा. टकटक जाणवली तर बॉलचा सांधा सैल. सगळ्या शूंच्या कडांची जाडी मायक्रोमीटरने मोजा. नऊपैकी एक जरी पातळ असला तरी संच बदला, एकटा नवा शू जाड राहून सगळा भार घेतो. स्वॉशप्लेटवर ब्रॉन्झ लिंपलेलं दिसलं, तर कधीतरी तेलाविना फिरलं आहे. शाफ्टच्या स्प्लाइन आणि इंजिनकडचं कपलिंगही बघा. दोन्ही चेन एकदम मेल्या आणि चार्ज शून्य असेल तर कित्येकदा तुटलेलं कपलिंगच निघतं.

फुटलेल्या पंपाची घाण कुठे जाते

पोकलेनमध्ये फुटलेल्या पंपाचा चुरा फिरून टाकीत-फिल्टरमध्ये येतो. इथे तो सरळ मोटरमध्ये जातो, तिथून परत पंपात, आणि फिरत राहतो. मालक म्हणतो, "फक्त पंप बदल, मोटर चालते आहे ना." नवा पंप जुन्या मोटरमधला चुरा खातो आणि तिसऱ्या आठवड्यात भांडण आपल्याशी होतं. पंप फुटला असेल तर त्या फेऱ्याची मोटर खोलून धुवायचीच, होज काढून दोन्ही बाजूंनी धुवायचे, टाकी रिकामी करून आत हात घालून पुसायची, रिलीफ आणि शटल व्हॉल्व्ह साफ करायचे. कूलर बदलणं उत्तम; त्याच्या नळ्यांत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पुढच्या गरम दिवशी निघतो. एवढ्या खर्चाला मालक तयार नसेल तर मी काम सोडतो.

बंद पडलेलं मशीन ओढून नेणं हेही नुकसानीचं एक कारण. नेणं भागच असेल तर बायपास (फेऱ्याच्या दोन्ही बाजू जोडणारा व्हॉल्व्ह) उघडा, ब्रेक मॅन्युअलमधल्या पद्धतीने सोडवा आणि चालण्याच्या वेगाने, लोबेडवर (मशीन वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर) चढवण्यापुरतंच ओढा.

पुन्हा सुरू करताना

नवा पंप पहिल्या दोन मिनिटांत मरतो, तो कोरडा फिरवल्यामुळे. पंप आणि मोटर दोन्हींच्या केस सगळ्यात वरच्या ड्रेन पोर्टमधून गाळलेल्या तेलाने भरा. सक्शन होज भरूनच जोडा. नवा फिल्टर. चार्ज गेज लावलेलं असू द्या. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, काटा हलेपर्यंत. मग आयडलवर सुरू करा. काही सेकंदांत चार्ज चढला नाही तर बंद करा आणि कारण शोधा. चार्ज स्थिर होईपर्यंत लिव्हरला हात नाही. चेन जॅकवर ठेवून दोन्ही दिशांना अर्ध्या स्ट्रोकवर पाच-पाच मिनिटं फिरवा, पातळी पुन्हा भरा, मगच जमिनीवर उतरवा. पहिला दिवस हलकं काम.

पहिल्या ५० तासांनी फिल्टर बदला, तोही कटरने उघडा आणि कागद उन्हात धरून मालकाला सोबत उभा करून दाखवा. नंतर तो कागद पिशवीत घालून, वर तारीख आणि तास लिहून ठेवा.